पंप लावताच पेशी का सुटल्या? आणि ‘मॉडेल कर’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी वेगळे करतो. तुम्ही एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. बाळाच्या नाळेतल्या शिरेतून काढलेल्या अस्तरपेशी, म्हणजे एंडोथेलियल पेशी, फ्लास्कमध्ये वाढवता. त्या फरशीच्या तुकड्यांसारख्या बहुकोनी दिसतात, पुस्तकात मात्र रक्ताच्या दिशेने लांबट दाखवलेल्या असतात. म्हणून तुम्ही ५ मिमी रुंद आणि ०.२ मिमी उंच पोकळीच्या चेंबरमध्ये पेशी लावल्या आणि रोलर पंपाने मिनिटाला ४० मिलि मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, फिरवलं. ‘अगदी हळू’ असं तुम्ही लिहिलंय. अर्ध्या तासात निम्म्या पेशी सुटल्या. मॅडम म्हणाल्या, आधी मॉडेल कर. तुम्ही विचारता: बारावीनंतर गणित सुटलंय, तर मॉडेल म्हणजे काय करायचं, आणि हेच हृदयाला आणि फुप्फुसाला लागू पडतं का?

मी वीसेक वर्षं मुंबईतच पेशी वाढवण्याचं आणि त्यांच्यावरची आकडेमोड करण्याचं काम करतो आहे. मॉडेल हा शब्द ऐकला की बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर धडधडणारं रंगीत हृदय येतं. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही. पेशीला तुमचा पंप दिसत नाही, ४० हा आकडाही कळत नाही. तिला फक्त तिच्या पाठीवरून काय घासत जातंय तेवढं जाणवतं. पंपावरच्या आकड्यावरून त्या जाणिवेपर्यंत पोचायचं हिशोबाचं साधन म्हणजे मॉडेल. मॅडमनी तेच सांगितलंय, आणि बरोबर सांगितलंय.

हिशोब एकत्र करू. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून द्रव संथपणे वाहत असेल, तर तळाच्या पेशींवर येणारा शिअर स्ट्रेस, म्हणजे घासण्याचा ताण, असा काढतात: ६ गुणिले द्रवाचा चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले रुंदी, आणि पुन्हा भागिले उंचीचा वर्ग. सीरम घातलेल्या मीडियमचा चिकटपणा ३७ अंशांना साधारण ०.०००७ पास्कल-सेकंद धरा. मिनिटाला ४० मिलि म्हणजे सेकंदाला ०.६७ मिलि. सगळं मीटरमध्ये बदलून घातलंत की उत्तर येतं १४ पास्कल. जुन्या शोधनिबंधांत डाइन प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक दिसेल, त्यात तेच १४० होतं.

आता १४ पास्कल हे जास्त की कमी? त्यासाठी शरीराकडे बघायचं. मानेतली मुख्य कॅरोटिड धमनी घ्या. व्यास सुमारे ६ मिमी, रक्त मिनिटाला साधारण ४०० मिलि, रक्ताचा चिकटपणा मीडियमच्या जवळजवळ पाचपट. गोल नळीसाठी सूत्र थोडं बदलतं: ४ गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले π (पाय, ३.१४) आणि त्रिज्येचा घन यांचा गुणाकार. उत्तर येतं साधारण १.१ पास्कल. म्हणजे दहापट रक्त वाहणाऱ्या धमनीत पेशींना जेवढं घासलं जातं, त्याच्या बारा-तेरापट तुमच्या चेंबरमध्ये घासलं जात होतं. मिनिटाला ४० मिलि म्हणजे अर्धा कटिंग चहा. ते हळू वाटतं, कारण आपण भांडं बघतो, फट बघत नाही. ०.२ मिमीच्या फटीतून तेवढं द्रव जायचं तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६७ सेंटिमीटर होतो.

म्हणजे पेशी त्यामुळेच सुटल्या का? बहुधा, पण एवढ्यावर मी शपथ घेणार नाही. १९६८ मध्ये डोनाल्ड फ्राय यांनी कुत्र्यांच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखवलं होतं की अस्तरपेशींची उघड हानी व्हायला सुमारे ४० पास्कलच्या आसपास ताण लागतो. म्हणजे जिवंत धमनीतल्या पेशी १४ पास्कल सोसू शकतात. पण त्या पेशी स्वतःच्या पायाशी, खालच्या पटलाशी, वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या असतात. तुमच्या पेशी शिरेतून आलेल्या आहेत आणि कालपरवा प्लॅस्टिकवर बसल्यात. पहिल्याच मिनिटाला तुम्ही त्यांना शून्यावरून १४ वर नेलंत. किती सोसतील, हे पेशी चिकटाव्यात म्हणून तळाला जिलेटिन की फायब्रोनेक्टिन लावलंय, थर पूर्ण भरला होता की मध्ये मोकळ्या जागा होत्या, आणि कितवा पॅसेज आहे, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यात, यावर अवलंबून राहतं. मोकळ्या जागेच्या काठावरची पेशी सर्वांत आधी उचलली जाते. सहाव्या पॅसेजच्या पुढच्या पेशी असतील तर त्या मी या कामाला वापरतच नाही.

आणि नाळेवरही अवलंबून राहतं. एका जुलैमध्ये प्रसूतिगृहातून बर्फाच्या डब्यात नाळ घेऊन आमची विद्यार्थिनी टॅक्सीने निघाली आणि हिंदमाताला पाणी तुंबलं. चार तास गेले, बर्फ वितळला. त्या नाळेच्या पेशी वाढल्या, पण प्रवाहात टिकल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नाळेच्या वहीत ती प्रसूतीनंतर किती तासांनी हाती आली ते आम्ही लिहितो, आणि किमान तीन वेगवेगळ्या नाळांवर एकच गोष्ट दिसल्याशिवाय तिला निष्कर्ष म्हणत नाही. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी येते, तेही सांभाळा. ट्रे आठवड्यातून दोनदा बदला.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: बुडबुडे दिसले का? एसीमध्ये थंड असलेलं मीडियम ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते आणि नेमकी चेंबरच्या फटीत जमते. बुडबुड्याची कड पेशीवरून सरकली की पृष्ठताणाने पेशी ओढून निघते. तिथे १ पास्कल आणि १४ पास्कल हा फरक उरत नाही. सुटलेल्या पेशींचा पट्टा लांबट, सरळ कडांचा, वाट काढत गेल्यासारखा असेल तर तो बुडबुड्याचाच माग. सगळीकडून विरळ झाल्या असतील तर ताण जास्त. तुमचे फोटो असतील तर या नजरेने पुन्हा बघा. मीडियम रात्रभर इन्क्युबेटरमध्येच सैल झाकणाने ठेवा आणि चेंबरच्या आधी नळीत एक छोटा बुडबुडा-सापळा बसवा.

सूत्राकडे परत येतो, कारण त्यात एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. उंचीचा वर्ग. माझ्या सुरुवातीच्या काळात आमचं चेंबर दोन काचांमध्ये सिलिकॉनची पट्टी दाबून केलेलं होतं. पट्टी ०.४ मिमीची, म्हणून मी उंची ०.४ धरली. स्क्रू घट्ट आवळल्यावर पट्टी दबून फट जवळजवळ ०.३ होत होती, हे मोजायचं मला सुचलं नाही. उंची पाऊणपट झाली की ताण पावणेदोनपटीहून जास्त वाढतो. तीन महिन्यांची मापं मी १ पास्कलच्या नावाखाली नोंदवली आणि ती खरं तर पावणेदोनची होती. ती सगळी बाजूला ठेवावी लागली, आणि त्यांत तीन मातांनी विश्वासाने दिलेल्या नाळा होत्या. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो: चेंबर आवळल्यानंतरची उंची मोजा. सूक्ष्मदर्शकाचा फोकस तळाच्या काचेवरून वरच्या काचेवर नेऊन स्केल वाचलं तरी अंदाज येतो, फक्त फट द्रवाने भरलेली असेल तर वाचलेल्या आकड्याला पाण्याच्या अपवर्तनांकाने, १.३३ने, गुणायला विसरू नका.

तर पुढचा प्रयत्न असा करा. पेशी दाट लावा, थर पूर्ण भरल्यावर आणखी एक दिवस थांबा. तुमच्या ०.२ मिमीच्या चेंबरमध्ये १ पास्कलसाठी प्रवाह मिनिटाला फक्त २.९ मिलि लागतो. तिथेही थेट जाऊ नका. ०.३ मिलिने, म्हणजे ०.१ पास्कलने, सुरू करा, रात्रभर तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार टप्प्यांत २.९वर या. मग २४ ते ४८ तासांत पेशी वळायला लागतील, लांबट होतील, त्यांच्या आतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्या प्रवाहाच्या दिशेने लागतील. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा बराच वेळ डोळे आयपीसवरून निघणार नाहीत.

इतक्या कमी प्रवाहावर रोलर पंप ठोके देतो, प्रत्येक रोलरला एक धक्का. त्यावर महागडा उपाय नको. पंप आणि चेंबरच्या मध्ये घट्ट बुचाची अर्धी भरलेली बाटली जोडा, वरच्या अर्ध्या भागात हवा ठेवा, आणि बाहेर जाणारी नळी तळापासून घ्या. पंपाने धक्का दिला की हवा दबते, धक्का संपला की हवा फुगून द्रव पुढे ढकलत राहते. ही बाटली म्हणजे तुमची महाधमनी. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये रक्ताभिसरणाचं जे गणित मांडलं, त्याचं नावच विंडकेसेल, म्हणजे जर्मनमध्ये हवेची पेटी. जुन्या अग्निशामक पंपांत पाण्याची धार सलग राहावी म्हणून अशी पेटी असायची.

त्या मॉडेलमध्ये आकडे दोनच: पुढच्या बारीक वाहिन्यांचा रोध आणि महाधमनीची लवचिकता. त्यांचा गुणाकार म्हणजे दाब उतरायला लागणारा काळ. प्रौढ माणसात तो साधारण दीड सेकंद येतो, आणि दोन ठोक्यांमधली विश्रांती अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते. म्हणून हृदय थांबून पुन्हा भरत असतानाही रक्तदाब शून्यावर येत नाही, ८० च्या आसपास टिकतो. वयाने महाधमनी कडक झाली की लवचिकता घटते. मग वरचा आकडा १६० आणि खालचा ७० असं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये दिसतं. तुमच्या बाटलीत हवा कमी-जास्त करून हाच फरक तुम्हाला टेबलावर बघता येईल. दोन आकड्यांचं मॉडेल एवढं समजावून देतं. मी विद्यार्थ्यांना कुठलंही सॉफ्टवेअर देण्याआधी ही बाटली जोडायला लावतो.

पण आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही: तुम्हाला या पेशींकडून जाणून काय घ्यायचंय? सतत एका दिशेने १ पास्कल म्हणजे धमनीचा सरळ, निरोगी भाग. तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंद होते. रक्त वाढलं की ताण वाढतो, वाहिनी रुंदावते, ताण पुन्हा खाली येतो. सूत्रातला त्रिज्येचा घन आठवा: किंचित रुंदी पुरते. चरबीचे थर मात्र बहुधा सरळ भागात बसत नाहीत, ते फाट्यांवर बसतात. पूर्वी समज असा होता की जिथे रक्ताचा मारा जास्त तिथे भिंत खराब होत असणार. कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मानवी धमन्या बघून उलट सांगितलं: थर बसतात ते ताण कमी असलेल्या जागी. कॅरोटिडच्या फाट्याजवळच्या फुगीर भागात बाहेरच्या भिंतीलगत रक्त रेंगाळतं, प्रत्येक ठोक्याला थोडं मागेही सरकतं. तिथल्या पेशी लांबट होत नाहीत, तुमच्या फ्लास्कमधल्यासारख्याच बहुकोनी राहतात. म्हणजे ज्या पेशींना तुम्ही ‘चुकीच्या’ समजत होता, त्या आजारी पडण्याच्या जागेशी जास्त जवळच्या आहेत. तुमचा विषय धमनीकाठिण्य असेल तर तुम्हाला पुढे-मागे हलणारा, कमी ताणाचा प्रवाह लागेल. औषधाने पेशींचा थर किती गळतो हे बघायचं असेल तर सेटिंग वेगळं. हे ठरल्याशिवाय पंपावरचा बरोबर आकडा असा काही नसतोच.

हृदयाकडे वळतो. तिथेही तोच नियम, पण पेशीला जाणवणारी गोष्ट वेगळी. हृदयस्नायूच्या पेशीला रक्त घासत नाही. तिला शेजारणीकडून येणारी वीज आणि भरणाऱ्या कप्प्याचा ताण जाणवतो. म्हणून तिथलं मॉडेल विजेच्या प्रवाहांचं असतं. १९६८ च्या फेब्रुवारीत, ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयारोपण केल्यानंतर अडीच महिन्यांत, आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. आरोपण करताना हृदयाच्या सगळ्या मज्जातंतू कापल्या जातात, तरी हृदय चालतं, कारण लय पेशींमध्येच असते. ती पेशीत कुठे असते याचं उत्तर त्याआधीच लंडनमध्ये डेनिस नोबल यांनी समीकरणांनी दिलं होतं. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूसाठी लिहिलेली समीकरणं त्यांनी हृदयात वीज वाहून नेणाऱ्या पर्किंजे तंतूंना बसतील अशी बदलली आणि १९६२ मध्ये सविस्तर मांडली. पेशीत घड्याळ असा वेगळा भाग कुठेच नव्हता. पेशीच्या आवरणातले सोडियम आणि पोटॅशियमचे मार्ग एकमेकांच्या मागोमाग उघडत-मिटत गेले आणि त्यातून ठोका आपोआप उमटला. एखादं मॉडेल आपल्याला काय शिकवू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके देतं, त्याच्या पेशीचा विद्युत-ठोका काही दहा मिलिसेकंदांत आटोपतो. माणसाचा सुमारे ३०० मिलिसेकंद टिकतो, आणि तो संपवणारा पोटॅशियमचा एक महत्त्वाचा मार्ग प्रौढ उंदरात जवळजवळ निष्क्रिय असतो. लय बिघडवणारी कित्येक औषधं नेमका तोच मार्ग अडवतात. तिथे उंदराच्या पेशींवर ‘सुरक्षित’ असा निकाल आला तरी त्याला अर्थ नाही. म्हणून या कामासाठी शंभराहून जास्त मानवी हृदयांच्या मापांवर उभं केलेलं, २०११चं ओ’हारा-रूडी मॉडेल वापरतात. मूळपेशींपासून बनवलेल्या मानवी हृदयपेशी हाही मार्ग आहे, पण त्या बशीत स्वतःहून धडधडतात. जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, प्रौढ पेशी तसं करत नाही, ती इशाऱ्याची वाट बघते. म्हणजे त्या अजून अपरिपक्व आहेत, हे लक्षात ठेवूनच त्यांचं म्हणणं ऐकायचं.

फुप्फुसाबद्दल थोडक्यात. तिथल्या पेशीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, मधली भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ, आणि हे सगळं प्रत्येक श्वासाला ताणलं जातं. मीडियममध्ये बुडवून ठेवलेली वायुकोशाची पेशी यातलं काहीच अनुभवत नाही. २०१० मध्ये डाँगन हुह आणि डोनाल्ड इंगबर यांनी लवचिक पडद्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी लावून तो पडदा श्वासासारखा ताणला. तेव्हा सिलिकाच्या सूक्ष्म कणांना पेशींनी दिलेली दाहाची प्रतिक्रिया, न ताणता दिसायची त्याहून जास्त निघाली. म्हणजे ताण वगळला असता तर कण कमी घातक ठरले असते.

इथेही एक ओळीचा हिशोब करून बघा: ओल्या बुडबुड्यातला दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. ०.१ मिमी त्रिज्येच्या वायुकोशात साधं पाणी असतं तर त्याला उघडं ठेवायला सुमारे १४ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागला असता. पेशी सर्फेक्टंट नावाचा पदार्थ सोडून हा पृष्ठताण खाली आणतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला श्वास का जमत नाही, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये याच पदार्थाच्या अभावाने दाखवून दिलं. आणि ‘रक्तवाहिनीच्या पेशी’ म्हणताना कुठल्या, हेही विचारा: प्राणवायू कमी झाला की शरीरातल्या इतर वाहिन्या रुंदावतात, फुप्फुसातल्या आकसतात.

गणिताची भीती सोडा. वरचं सगळं गुणाकार-भागाकारात झालं. फाट्याचा आकार, मागे-पुढे होणारा प्रवाह असं काही लागलं की संगणक हवा, पण तेव्हाही आधी हाताने काढलेलं उत्तर जवळ ठेवा. संगणकाचं उत्तर त्याच्या दहापट निघालं तर बहुधा एककांत चूक असते. नोबल यांचं मॉडेल चालवून बघायचं असेल तर सेल-एमएल या मॉडेल लिहिण्याच्या संगणकी भाषेच्या खुल्या भांडारात ते तयार मिळतं. पोटॅशियमचा एक मार्ग निम्मा करा आणि ठोका कसा लांबतो ते बघा, एका संध्याकाळचं काम आहे.

आधी चेंबर आवळून उंची मोजा आणि सुटलेल्या पेशींचे जुने फोटो शोधा. मोजलेली उंची ०.२ पेक्षा कमी निघाली तर वर दिलेला २.९ हा आकडा चालणार नाही, नव्या उंचीच्या वर्गाप्रमाणे तो खाली आणावा लागेल. उंची, तळाला काय लावलं होतं आणि कितवा पॅसेज होता, एवढं इथे लिहिलंत तर टप्प्यांचं वेळापत्रक आपण मिळून बसवू.